खोळंबा

संगणक हळू चालायला लागला की आपल्या डोळ्यांसमोर दमलेलं यंत्र येतं. पंखा घोंघावतोय, बूड तापलंय, प्रोसेसर बिचारा राबराब राबतोय. मग उपायही त्याच जातीचा सुचतो: नवा, जास्त ताकदीचा प्रोसेसर घ्या. लिनक्स किंवा फ्रीबीएसडीसारख्या मुक्त प्रणालीवर रोज सोर्स कोडपासून सॉफ्टवेअर बिल्ड करणाऱ्या माणसाला मात्र वेगळा अनुभव असतो. हळू चालणारं यंत्र बहुतेक वेळा राबत नसतं, खोळंबलेलं असतं. कशासाठी तरी थांबून राहिलेलं असतं. त्यामुळे ‘याला झालंय काय?’ या प्रश्नानं हाती फारसं लागत नाही. ‘हे कशासाठी थांबलंय?’ असं विचारलं की लागतं. बिल्ड हळू होण्याला हा प्रश्न लागू पडतो हे पटकन ध्यानात येतं. बिल्ड मोडण्यालाही तोच लागू पडतो, हे जरा उशिरा कळतं. दोन्ही सावकाश पाहू.

खोळंब्याचा पुरावा मिळवायला फार जुनं आणि साधं साधन हाताशी आहे. टर्मिनलवर कुठल्याही आज्ञेच्या आधी ‘टाइम’ लिहा. काम संपलं की तीन ओळी उमटतात: रिअल, युजर आणि सिस. रिअल म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाचा वेळ. युजर म्हणजे प्रोसेसरनं प्रत्यक्ष त्या प्रोग्रॅमचं काम केलं तेवढा वेळ. सिस म्हणजे त्या प्रोग्रॅमच्या वतीनं कर्नलनं केलेल्या कामाचा वेळ. समजा, आठ कोअरच्या लॅपटॉपवर सी-प्लस-प्लसमधला एक मोठा प्रकल्प बिल्डला टाकला आणि शेवटी आकडे आले असे: रिअल ४० मिनिटं, युजर ३५, सिस ७. युजर आणि सिस मिळून झाली ४२ मिनिटं. पण ४० मिनिटांत आठ कोअर मिळून ३२० मिनिटांचं काम उरकू शकले असते. त्यांनी केलं ४२ मिनिटांचं. बाकीची २७८ मिनिटं ते नुसते बसून होते.

हे गणित एकदा मांडलं की नव्या प्रोसेसरची खरेदी लांबणीवर पडते. घाटात दरड कोसळून एसटी अडकली असेल तर गाडीला दुप्पट ताकदीचं इंजिन बसवून ती पुण्याला लवकर पोचत नाही. याच बिल्डमध्ये युजर आणि सिसची बेरीज ३०० च्या घरात आली असती तर गोष्ट निराळी. मग यंत्र खरोखर राबतंय, आणि दोनच वाटा उरतात: जास्त कोअर आणा, नाहीतर काम कमी करा. काम कमी करण्यासाठी अँड्रू ट्रिजेलनं सुरू केलेलं सीकॅश आहे. एकदा कंपाइल झालेल्या फाइलचा निकाल ते जपून ठेवतं आणि तीच फाइल पुन्हा आली की कंपाइलरला उठवतच नाही. पण हे सगळं नंतरचं. आधी त्या तीन ओळी.

आता थांबणं म्हणजे नेमकं काय, ते पाहू. लिनक्समध्ये ‘पीएस’ ही आज्ञा दिली की प्रत्येक प्रोसेससमोर तिच्या अवस्थेचं एक अक्षर दिसतं. ‘आर’ म्हणजे चालू, किंवा चालायला तयार असून कोअर मोकळा होण्याची वाट पाहणारी. ‘एस’ म्हणजे झोपलेली. कुणी सिग्नल दिला तर उठेल. आणि ‘डी’ म्हणजे अशी झोप की मधे उठवता येत नाही. डिस्ककडे काही मागितलं आहे आणि ते येईपर्यंत प्रोसेस हलणार नाही, ही ‘डी’ची नेहमीची गोष्ट. अशा प्रोसेसला ‘किल -९’ दिला तरी ती ढिम्म राहते. नवखा माणूस इथे हबकतो, कारण ‘किल -९’ म्हणजे ब्रह्मास्त्र असं त्यानं कुठे तरी वाचलेलं असतं. पण सिग्नल पोचायला आधी प्रोसेस जागी व्हावी लागते, आणि ही तर जागीच होत नाही. तेव्हा ‘डी’ अवस्थेत अडकलेल्या प्रोसेसवर राग काढू नये. तिच्या खालच्या डिस्ककडे किंवा नेटवर्कवरून जोडलेल्या फोल्डरकडे पाहावं.

फ्रीबीएसडीवाल्यांकडे याहून सुंदर सोय आहे, आणि ती लिनक्समध्ये नाही म्हणून मला त्यांचा हेवा वाटतो. काम चालू असताना नुसतं कंट्रोल आणि टी दाबायचं. एक ओळ उमटते: यंत्रावरचा लोड, आज्ञेचं नाव, प्रोसेसचा क्रमांक आणि चौकटी कंसात एक तोकडा शब्द. ‘बायोआरडी’ असेल तर डिस्कवरून वाचून होण्यासाठी थांबलंय. ‘पाइपआरडी’ असेल तर पाइपच्या पलीकडून काही येण्यासाठी. ‘वेट’ असेल तर आपणच सुरू केलेली दुसरी प्रोसेस संपण्यासाठी. म्हणजे ज्या प्रश्नाभोवती हा सगळा लेख फिरतोय, त्याचं उत्तर दोन कळांवर. लिनक्सवर तेच उत्तर प्रॉक फोल्डरात प्रोसेसच्या क्रमांकाखाली ‘डब्ल्यूचॅन’ या फाइलमध्ये सापडतं. तिथे कर्नलमधल्या एका फंक्शनचं नाव असतं. प्रोसेस त्या फंक्शनात जाऊन थांबलेली असते, आणि ते फंक्शन ज्या सोर्स कोडमध्ये आहे तो तुम्हाला उघडून वाचता येतो. मुक्त प्रणालीची थोरवी सांगताना लोक फुकटपणाबद्दल बोलतात. मला विचाराल तर फुकटपणापेक्षा हे महत्त्वाचं: खोळंब्याचा माग काढत जिथवर जायचं तिथवर जाता येतं, मधे कुणी दार लावून घेतलेलं नाही.

लोडचा विषय निघाला आहे तर त्याचा गैरसमजही काढून टाकू. ‘अपटाइम’ ही आज्ञा तीन आकडे देते: गेल्या एका, पाच आणि पंधरा मिनिटांचा सरासरी लोड. ही कल्पना लिनक्सहून खूप जुनी आहे. टेनेक्स नावाच्या प्रणालीवरचे लोडचे आकडे मांडणारा एक आरएफसी दस्तऐवज १९७३ सालचा आहे. सुरुवातीला हा आकडा म्हणजे कोअरसाठी रांगेत असलेल्या प्रोसेसची संख्या होती. लिनक्समध्ये १९९३ च्या ऑक्टोबरात मथियास उर्लिख्स यांनी एक छोटा बदल सुचवला. त्यांचा मुद्दा मला फार आवडतो. मेमरीत न मावणारा डेटा जिथे ठेवला जातो ती जलद स्वॅप डिस्क काढून तिच्या जागी मंद डिस्क लावली की प्रोसेस जास्त वेळ डिस्कसाठी थांबतात, कोअरसाठीची रांग ओसरते आणि लोडचा आकडा उतरतो. यंत्राची अवस्था बिघडली आणि आकडा मात्र सुधारला, हे काही बरोबर नाही. म्हणून डिस्कसाठी खोळंबलेल्या, ‘डी’ अवस्थेतल्या प्रोसेसही मोजा. बदल स्वीकारला गेला, आणि तेव्हापासून लिनक्सवरचा लोड म्हणजे नुसतं काम राहिलं नाही. काम अधिक खोळंबा असा तो आकडा झाला.

याचा व्यवहारातला अर्थ असा. आठ कोअरच्या यंत्रावर लोड २० दिसला म्हणून कोअर कमी पडताहेत असं लगेच म्हणू नये. त्या २० पैकी कोअरसाठी किती थांबलेत आणि डिस्कसाठी किती, हे वेगळं करावं लागतं. ‘व्हीएमस्टॅट १’ अशी आज्ञा दिली की दर सेकंदाला एक ओळ येते. तिच्यात पहिला स्तंभ ‘आर’ आणि दुसरा ‘बी’. पहिल्यात कोअरची रांग, दुसऱ्यात अडकलेले. दुसरा स्तंभ फुगलेला आणि पहिला रिकामा असेल तर प्रोसेसरचा यात काही दोष नाही. फिरत्या तबकडीची ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क असेल तर हवी ती जागा डोक्याखाली यायला नुसत्या फिरण्यापायी सरासरी चार मिलिसेकंद जातात. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरसाठी तेवढ्या वेळात सव्वा कोटी ठोके होतात. बिल्डमध्ये हजारो छोट्या हेडर फाइली उघडायच्या असतात, हे लक्षात घेतलं की जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवल्यावर लोक एवढे खूश का होतात ते कळतं.

पण गंमत डिस्कची नाही, मेमरीची आहे. बिल्डच्या तक्रारींमध्ये सर्वांत जास्त फसवणूक तीच करते.

‘मेक’ला ‘-जे’ हा पर्याय देऊन पुढे आकडा लिहिला की तेवढी कामं एकदम चालतात. कोअर आठ आहेत, तर उत्साही माणूस सोळा लिहितो. सी-प्लस-प्लसची एखादी टेम्प्लेटांनी भरलेली फाइल कंपाइल होताना एकटी एक जीबी मेमरी सहज खाते. अशा सोळा एकदम सुरू झाल्या आणि यंत्रात मेमरी आठच जीबी आहे. पुढे काय होतं? माउसचा बाण अडखळत सरकतो, टाइप केलेलं अक्षर चार सेकंदांनी उमटतं, आणि डिस्कचा दिवा विझतच नाही. बरेच जण म्हणतात, ‘मी तर स्वॅप बंद करून ठेवलाय, मग डिस्कवर काय चाललंय?’ चाललंय ते असं: मेमरी कमी पडली की कर्नल डिस्कवरून पुन्हा आणता येईल असं सगळं बाहेर टाकायला लागतं. चालत्या प्रोग्रॅमचा कोडही त्यात आला, कारण तो डिस्कवरच्या फाइलमध्ये असतोच. कंपाइलरचा जो भाग आता टाकला, तोच पुढच्या क्षणाला हवा असतो. मग तो पुन्हा वाचायचा, त्यासाठी जागा करायला दुसरा टाकायचा. सोळा कंपाइलर स्वतःचाच कोड डिस्कवरून पुन:पुन्हा वाचत बसतात. स्वॅप नसला म्हणून हे रहाटगाडगं थांबत नाही. उलट ज्याला डिस्कवर जाण्याची वाट नाही असा डेटा मेमरीत अडून राहतो आणि कोडची फेकाफेक वाढते.

शेवटी कर्नलचा ओओएम किलर जागा होतो आणि एका प्रोसेसचा बळी देतो. पडद्यावर दिसतं ते एवढंच, की सीसी१प्लस हा प्रोग्रॅम ‘किल्ड’ या सिग्नलनं संपला. हे वाचून माणूस कंपाइलर पुन्हा इन्स्टॉल करतो, जुनी आवृत्ती आणून पाहतो, प्रकल्पाच्या लेखकांना दूषणं देतो. कंपाइलर निर्दोष असतो. ‘डीमेसेज’ ही आज्ञा देऊन कर्नलची रोजनिशी पाहिली तर तिथे मेमरी संपल्याची आणि अमुक प्रोसेस मारल्याची स्पष्ट नोंद असते. उपाय सोपा आहे पण पचनी पडायला जड: सोळाच्या जागी चार लिहा. चारच काम करणारे असले तर काम लवकर उरकतं, कारण चारही खरोखर काम करतात. फाइली जोडून अंतिम प्रोग्रॅम बनवणारा लिंकर तर मेमरीच्या बाबतीत कंपाइलरहून खादाड. एलएलव्हीएमसारख्या प्रकल्पानं म्हणूनच एकाच वेळी किती लिंकर चालू द्यायचे याची वेगळी मर्यादा ठरवायची सोय ठेवली आहे.

मेमरीसाठीचा हा खोळंबा बरीच वर्षं नीट मोजताच येत नव्हता. मेमरी किती भरली हे दिसायचं, पण भरलेली मेमरी हा काही रोग नाही. लिनक्स रिकामी मेमरी मुद्दामच फाइलींच्या साठ्यासाठी वापरतं. ‘फ्री’ आज्ञेचा आकडा पाहून घाबरणाऱ्यांची कीव येते ती यामुळे. २०१८ च्या डिसेंबरात आलेल्या लिनक्स ४.२० मध्ये फेसबुकच्या योहानेस वायनर यांचं काम दाखल झालं, आणि प्रॉक फोल्डरात ‘प्रेशर’ नावाची एक नवी जागा आली. तिच्यात तीन फाइली: सीपीयू, आयओ आणि मेमरी. मेमरीची फाइल उघडली की दोन ओळी दिसतात, ‘सम’ आणि ‘फुल’. पहिल्या ओळीत गेल्या दहा सेकंदांसमोर ३० असेल, तर त्या दहापैकी तीन सेकंद निदान एक तरी काम मेमरीपायी अडून होतं. दुसऱ्या ओळीत ३० असेल तर त्या तीन सेकंदांत एकाचंही काम पुढे सरकलं नाही, सगळेच अडले. किती वापरलं हे न सांगता किती वेळ वाया गेला हे ही फाइल सांगते. माझ्या मते गेल्या दहा-बारा वर्षांत सामान्य वापरणाऱ्याच्या हाती लिनक्सनं दिलेली ही सर्वांत उपयोगी गोष्ट आहे, आणि तिची ओळख फार थोड्यांना आहे. बिल्ड चालू असताना शेजारच्या खिडकीत या तीन फाइली दर दोन सेकंदांनी दाखवत ठेवा. कुठे अडलंय याचा तर्क करावा लागत नाही.

आता मोडणाऱ्या बिल्डकडे वळू.

‘मेक’ हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. त्यामागची हकिकत त्यांनीच सांगून ठेवली आहे. त्यांचा सहकारी स्टीव्ह जॉन्सन, याक या साधनाचा कर्ता, एके दिवशी चिडून त्यांच्या खोलीत आला. अख्खी सकाळ त्यानं एका प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात घालवली होती, आणि प्रोग्रॅम बरोबरच होता. चूक आधीच दुरुस्त झाली होती. फक्त दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. म्हणजे लिंकरनं जिच्यासाठी थांबायला हवं होतं, तिच्यासाठी तो थांबला नाही. मेकफाइल म्हणजे दुसरं काय असतं? कोणी कोणासाठी थांबायचं याची यादी. ही वस्तू त्या फाइलींवर अवलंबून आहे, त्या तयार झाल्याशिवाय हिला हात लावू नका. त्या यादीत एक नोंद कमी पडली की बिल्ड मोडतं. एक नोंद जास्त झाली की मोडत नाही, पण विनाकारण रखडतं.

कमी पडलेल्या नोंदीचा त्रास मोठा चमत्कारिक असतो. समजा, एक हेडर फाइल एका छोट्या प्रोग्रॅमनं बिल्डच्या वेळीच तयार होते, आणि दुसरी एक फाइल तिचा वापर करते. पण हे नातं मेकफाइलमध्ये लिहायचं राहून गेलं आहे. एकेक काम क्रमानं चाललं तर हेडर आधी तयार होते, कारण ती यादीत वर आहे. कुणाला काही कळत नाही. वर्षानुवर्षं कळत नाही. मग कुणीतरी सोळा कोअरचं यंत्र आणतो, ‘-जे’ लावतो, आणि हेडर तयार व्हायच्या आधी वापरणारी फाइल तिथे पोचते. ‘फाइल सापडली नाही’ अशी एरर येते. तो फोल्डर उघडून पाहतो तर फाइल तिथेच, समोर! कारण तोवर ती तयार झालेली असते. पुन्हा बिल्ड केलं तर बिनतक्रार पार पडतं. हा भुताटकीचा प्रकार नाही. थांबायला सांगितलंच नव्हतं म्हणून कोणी थांबलं नाही, एवढंच. जलद यंत्रानं फक्त जुनं बिंग फोडलं. ग्नू मेकच्या २०२२ साली आलेल्या ४.४ आवृत्तीत ‘शफल’ हा पर्याय आहे. तो कामांचा क्रम मुद्दाम पिसून टाकतो, म्हणजे न लिहिलेली नाती लवकर उघडी पडतात. प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी तो महिन्यातून एकदा तरी चालवावा.

अशा समांतर बिल्डमध्ये पडद्यावरची शेवटची ओळ वाचून काही उपयोग नसतो. सोळा कामांचं बोलणं एकमेकांत मिसळलेलं असतं. एक मोडलं तरी बाकीची सुरू असलेली कामं आपापलं संपवेपर्यंत बोलत राहतात, आणि शेवटी मेक ‘एरर १’ किंवा ‘एरर २’ म्हणून हात झटकतो. खरी ओळ कितीतरी वर गेलेली असते. सगळं बोलणं फाइलमध्ये उतरवून घ्यावं आणि तिच्यात पहिली एरर वरून खाली शोधत जावी. नाहीतर ‘-जे१’ लावून पुन्हा चालवावं. मग एका वेळी एकच बोलतो. ‘-जे१’ लावल्यावर एरर नाहीशीच झाली तर तुमच्या हाती निदान आलं: नोंद कमी पडली आहे, किंवा मेमरी.

एखाद्या ठिकाणचा खोळंबा दुसऱ्याच ठिकाणच्या सुधारणेतून उगवू शकतो, याचं २०१९ सालचं उदाहरण माझ्या विशेष आवडीचं आहे. लिनक्स ५.३ ची तयारी चालू होती. एक्स्ट४ या फाइल सिस्टिममध्ये एक चांगला बदल आला होता: डिस्कला सुटी सुटी विनंती करण्याऐवजी जवळजवळच्या विनंत्या एकत्र पाठवायच्या. डिस्ककडच्या खेपा कमी झाल्या. आणि एका विकासकाचा लॅपटॉप सुरू होताना मधेच कायमचा थांबायला लागला. लॉगिनची खिडकीच येईना. त्यानं ‘गिट बायसेक्ट’ चालवला, म्हणजे बदलांच्या यादीचे निम्मे निम्मे भाग करत दोषी बदल गाठला. ही रीत अशी की दहा हजार बदल असले तरी चौदा पायऱ्यांत उत्तर येतं. उत्तर आलं ते त्या एक्स्ट४ च्या सुधारणेवर.

डिस्क जलद झाली म्हणून यंत्र थांबेल कसं? ग्राफिकल लॉगिन सुरू करणारे प्रोग्रॅम कर्नलकडे काही यादृच्छिक संख्या मागत होते. कर्नल ती यादृच्छिकता बाहेरच्या अनियमित घटनांमधून गोळा करतो: कळ कधी दाबली, माउस कसा हलला, डिस्कचं उत्तर नेमकं केव्हा आलं. डिस्ककडच्या खेपा कमी झाल्या म्हणजे या घटनाही कमी झाल्या. लॉगिनची प्रोसेस यादृच्छिकतेसाठी थांबून राहिली, आणि आता यंत्रात काहीच घडत नसल्यामुळे ती यादृच्छिकता येईना. आणखी गंमत म्हणजे एक्स्ट४ आणि यादृच्छिक संख्यांचा विभाग, दोन्हींची जबाबदारी त्या वेळी थिओडोर त्सो या एकाच माणसाकडे होती. भरपूर वादावादी झाली. लिनस टोरवाल्ड्स यांनी ५.३ बाहेर पडता पडता एक्स्ट४ चा तो निर्दोष बदल काढून घेतला, आणि ५.४ मध्ये प्रोसेसरच्या स्वतःच्या वेळेतल्या सूक्ष्म अनियमिततेतून यादृच्छिकता मिळवण्याची सोय केली. हे प्रकरण मी ‘प्रोसेसर किती व्यस्त आहे?’ असं विचारून कधीच सोडवू शकलो नसतो, आणि कुणीही सोडवू शकलं नसतं. प्रोसेसर पूर्ण रिकामा होता.

उलट दिशेचंही एक उदाहरण द्यायला हवं, नाहीतर सगळं खापर थांबण्यावर फोडण्याची सवय लागेल. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे विकासक २०२४ च्या सुरुवातीला डेबियनच्या ‘अनस्टेबल’ आवृत्तीवर काही मोजमापं करत होते. मोजमाप स्वच्छ यावं म्हणून यंत्र शांत हवं होतं, आणि एसएसएचचा सर्व्हर मात्र अधूनमधून कारण नसताना प्रोसेसर खात होता. लॉगिनला पूर्वी सुमारे ०.३ सेकंद लागायचे, आता ०.८ लागत होते. हा वेळ खोळंब्याचा असता तर माणूस नेटवर्ककडे बोट दाखवून गप्प बसला असता. पण तो प्रोसेसरच्या कामाचा वेळ होता. ‘पर्फ’ नावाच्या साधनानं दाखवलं की हे काम एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत चाललंय, आणि तेही अशा जागी की फंक्शनचं नाव लागत नाही. २९ मार्च २०२४ ला त्यांनी जाहीर केलं: एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा आहे. तो घुसवला होता बिल्डमध्येच. वाटपासाठीच्या गठ्ठ्यात एक बिल्डची फाइल अशी होती जी गिटमध्ये ठेवलेल्या सोर्स कोडमध्ये नव्हती. ती बिल्डच्या वेळी चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या फाइलींमधून घातक कोड काढून लायब्ररीत जोडत होती. कुणी न सांगितलेलं काम यंत्र करत होतं. युजर आणि सिसचा हिशेब रिअलपासून वेगळा ठेवायचा तो यासाठीही.

तेव्हा पुढच्या खेपेला बिल्ड रखडलं किंवा मोडलं आणि कुणाकडे मदत मागायची वेळ आली, तर ‘माझं यंत्र फार स्लो आहे’ एवढं लिहून थांबू नका. कोअर किती, मेमरी किती आणि ‘-जे’ला दिलेला आकडा किती ते सांगा. टाइमच्या तीन ओळी द्या. प्रेशरच्या तिन्ही फाइली बिल्ड चालू असताना घेतलेल्या द्या, संपल्यावरच्या नकोत. डीमेसेजचा शेवट द्या. एरर शेवटची नको, पहिली द्या, तिच्या आधीच्या वीसेक ओळींसकट. आणि कृपा करून स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका. मजकूर चिकटवा, फोटोतली ओळ कुणाला शोधता येत नाही.